दिव्यांग विद्यार्थ्यांच्या शिक्षकांचे प्रशिक्षण: नामपूर परिसराच्या संदर्भात एक आढावा

प्रश्नाचे स्वरूप

बागलाण तालुक्यातील नामपूर हे मोसम नदीकाठचे मोठे गाव असून कांदा आणि डाळिंबाच्या बाजारपेठेमुळे ते जिल्ह्याबाहेरही परिचित आहे. तालुक्याचे ठिकाण सटाणा येथे आहे, जवळचे मोठे शहर मालेगाव आहे आणि जिल्ह्याचे ठिकाण असलेले नाशिक बरेच दूर पडते. या परिसरातील एखादे मूल दृष्टिहीन, कर्णबधिर किंवा बौद्धिक दिव्यांग असेल, तर त्याच्यासमोर प्रत्यक्षात चार प्रकारच्या शाळा येतात. पहिली गावातील जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा, दुसरी खासगी संस्थेची अनुदानित माध्यमिक शाळा, तिसरी तालुक्याच्या पश्चिमेकडील साल्हेर-मुल्हेर पट्ट्यातील आश्रमशाळा आणि चौथी शहरातील निवासी विशेष शाळा. पहिल्या दोन शाळांचा कारभार शालेय शिक्षण विभाग आणि जिल्हा परिषद यांच्याकडे, आश्रमशाळेचा आदिवासी विकास विभागाकडे आणि विशेष शाळेचा दिव्यांग कल्याण विभागाकडे असल्यामुळे, त्याच एका मुलाच्या शिक्षकाने कोणते प्रशिक्षण घेतलेले असावे, याचे उत्तर मूल कोणत्या दारातून आत गेले यावर अवलंबून राहते. दिव्यांग विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्या शिक्षकांच्या व्यावसायिक प्रशिक्षणाची चर्चा महाराष्ट्रात साधारणपणे अभ्यासक्रम, पदव्या आणि पदसंख्या यांभोवती होते. तिचा आढावा घेताना शहरांपासून दूर असलेल्या अशा परिसराचा संदर्भ हाताशी ठेवणे सोयीचे ठरते, कारण धोरणातील गृहीतके तिथेच सर्वाधिक ताणली जातात.

पूर्वपीठिका

पश्चिम भारतातील विशेष शिक्षणाचा आरंभ मुंबईत झाला. १८८५ च्या सुमारास तेथे मूकबधिरांसाठी शाळा उभी राहिली, तर अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी १९०० मध्ये अंध मुलांसाठी शाळा सुरू केली. पुढे बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी १९४४ मध्ये जय वकील शाळा आणि मेंदूच्या पक्षाघाताने बाधित मुलांसाठी १९७२ मध्ये मिथू अलूर यांची स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया या संस्था मुंबईतच स्थापन झाल्या. नाशिक शहरात रजनी लिमये यांनी प्रबोधिनी ट्रस्टच्या माध्यमातून बौद्धिक दिव्यांग मुलांच्या शिक्षणाचे काम १९७० च्या दशकात उभे केले. या सर्व शाळांची निर्मिती मिशन, विश्वस्त संस्था किंवा पालक यांच्या पुढाकाराने झाली असल्यामुळे शिक्षक घडवण्याची जबाबदारीही आपोआप त्यांच्यावर पडली. नवा शिक्षक जुन्या शिक्षकाच्या शेजारी बसून ब्रेल, ओष्ठवाचन किंवा दैनंदिन कौशल्यांचे अध्यापन शिकत असे आणि औपचारिक पदविका बऱ्याच नंतर आली. या उगमाचा एक परिणाम अजूनही टिकून आहे. विशेष शिक्षकाचे प्रशिक्षण दिव्यांगत्वाच्या प्रकारानुसार विभागले गेले, कारण ज्या शाळांतून ते जन्माला आले त्या शाळाच तशा विभागलेल्या होत्या.

दुसरा प्रवाह सर्वसाधारण शाळांच्या बाजूने आला. कोठारी आयोगाने १९६६ च्या आपल्या अहवालात दिव्यांग मुलांना शक्य तेथे नेहमीच्या शाळांत शिकवण्याचा पुरस्कार केला आणि १९७४ मध्ये केंद्र शासनाने अपंग मुलांसाठी एकात्मिक शिक्षणाची योजना सुरू केली. एकात्मिक शिक्षण म्हणजे मूल नेहमीच्या शाळेत बसवून त्याला लागणारे साहाय्य वेगळे पुरवणे. नंतर रूढ झालेल्या समावेशित शिक्षणात मात्र शाळेनेच आपली रचना, अध्यापन आणि मूल्यमापन सर्व मुलांना सामावून घेईल असे बदलणे अपेक्षित असते, आणि शिक्षक-प्रशिक्षणाच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. पहिल्या कल्पनेत एक तज्ज्ञ पुरतो, तर दुसरीत प्रत्येक शिक्षकाला काहीतरी नव्याने शिकावे लागते.

या दोन्ही गरजा एकत्र गुंफण्याचा सर्वांत विचारपूर्वक प्रयत्न १९८७ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद आणि युनिसेफ यांनी हाती घेतलेल्या प्रकल्पात झाला, असे म्हणता येईल. महाराष्ट्रही त्यात सहभागी होता. एका गटातील सर्व शाळा हे एकक मानून त्या प्रकल्पाने प्रशिक्षणाचे तीन थर आखले होते: गटातील सर्व शिक्षकांसाठी साधारण आठवड्याभराचे उद्बोधन, त्यांपैकी सुमारे दहा टक्के शिक्षकांसाठी सहा आठवड्यांचे सखोल प्रशिक्षण आणि आठ-दहा निवडक शिक्षकांसाठी वर्षभराचा बहुप्रवर्गीय अभ्यासक्रम. बहुप्रवर्गीय म्हणजे एकाच दिव्यांगत्वापुरते मर्यादित न राहता अनेक प्रकारांची ओळख आणि हाताळणी शिकवणारे. या आखणीचे वैशिष्ट्य असे की तिसऱ्या थरातील शिक्षकाला प्रश्न विचारणारा पहिल्या थरातील शिक्षक त्याच गटात, ओळखीच्या अंतरावर असे. नंतरच्या योजनांनी आठवड्याचे उद्बोधन उचलले, वर्षभराची पदविकाही उचलली, पण त्यांना जोडणारा मधला थर बहुतेक ठिकाणी गळून पडला.

दोन परिषदा, दोन वाटा

शिक्षक-प्रशिक्षणाचे नियमन भारतात दोन वैधानिक संस्थांकडे आहे. सर्वसाधारण शिक्षकांसाठी १९९३ च्या कायद्याने राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद अस्तित्वात आली, तर विशेष शिक्षकांसह पुनर्वसन क्षेत्रातील सर्व व्यावसायिकांसाठी १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेला वैधानिक दर्जा मिळाला. पुनर्वास परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव असल्याशिवाय विशेष शिक्षक म्हणून काम करणे कायद्याने दंडनीय आहे आणि नोंदणीच्या नूतनीकरणासाठी निरंतर पुनर्वसन शिक्षणाचे कार्यक्रम पूर्ण करावे लागतात. डॉक्टर किंवा परिचारिका यांच्याप्रमाणे परवान्याशी बांधलेली ही व्यवस्था आहे. सर्वसाधारण शिक्षकाच्या बाबतीत तसे काही नाही.

या दुहेरी रचनेतील विसंगती एका नियमातून स्पष्ट होते. शिक्षण हक्क कायद्यानंतर ऑगस्ट २०१० मध्ये अध्यापक शिक्षण परिषदेने किमान अर्हता ठरवल्या, तेव्हा विशेष शिक्षणातील पदविका किंवा पदवी असलेल्या व्यक्तीला प्राथमिक शाळेत नियुक्तीनंतर सहा महिन्यांचा पूरक अभ्यासक्रम सक्तीचा करण्यात आला. उलट दिशेने, म्हणजे सर्वसाधारण शिक्षकाच्या वर्गात दिव्यांग मूल आले असता त्याने काही पूरक अभ्यासक्रम केला पाहिजे, अशी तुल्य सक्ती ठेवण्यात आली नाही. न्यायमूर्ती वर्मा आयोगाच्या २०१२ च्या अहवालानंतर आणि २०१४ च्या विनियमांनंतर बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि त्यात समावेशक शाळा घडवण्याविषयीचा एक विषय आला. त्याच सुमारास पुनर्वास परिषदेने आपली विशेष शिक्षणाची पदवीही दोन वर्षांची करून त्यात विशेषीकरणाबाहेरील दिव्यांगत्वांची ओळख वाढवली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने या दोन परिषदांच्या अभ्यासक्रमांत अधिक मेळ घालण्याची अपेक्षा स्पष्ट शब्दांत नोंदवली असून, कार्यरत शिक्षकांसाठी विशेष शिक्षणातील अल्पकालीन प्रमाणपत्र अभ्यासक्रमांचीही शिफारस केली आहे.

कायद्याची चौकट या काळात बरीच रुंदावली. भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारास मान्यता दिली. त्या कराराच्या चोविसाव्या कलमात ब्रेल आणि सांकेतिक भाषा जाणणारे शिक्षक, त्यांत स्वतः दिव्यांग असलेले शिक्षकही, नेमण्याचे बंधन राज्यसंस्थेवर आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने मान्य दिव्यांगत्वांची संख्या सातवरून एकवीसवर नेली आणि सतराव्या कलमात शिक्षकांच्या प्रशिक्षणाची जबाबदारी शासनावर टाकली. एकवीस प्रकारांत स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, थॅलेसेमिया आणि सिकलसेल यांसारख्या अवस्था आल्यामुळे एका दिव्यांगत्वाच्या विशेषीकरणावर उभ्या असलेल्या जुन्या अभ्यासक्रमांची अडचण वाढली. सिकलसेलचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. महाराष्ट्राच्या आदिवासी पट्ट्यांत आढळणाऱ्या या आजाराच्या मुलाला वेगळ्या लिपीची वा उपकरणाची गरज नसते. वेदनेच्या काळातील गैरहजेरी, पाण्याची आणि विश्रांतीची आवश्यकता समजून घेणारा वर्गशिक्षक लागतो, आणि तो विषय परंपरेने कोणत्याच विशेष शिक्षकाच्या वाट्याला आलेला नाही.

मुख्य भूमिका

या पार्श्वभूमीवर क्षेत्रात स्थूलमानाने तीन भूमिका दिसतात. पहिली भूमिका विशेषज्ञांची आहे. ब्रेल, दिशा-ज्ञान आणि चलनवलन, सांकेतिक भाषा, श्रवणयंत्राचा वापर, वाचा-विकास ही कौशल्ये आठवड्याच्या शिबिरात येत नाहीत, तर त्यांना दीर्घ आणि देखरेखीखालील सराव लागतो, हा तिचा गाभा आहे. भारती ब्रेल १९५१ पासून प्रमाणित झालेली असूनही ती अस्खलित वाचणारा शिक्षक नसेल तर दृष्टिहीन मूल केवळ ऐकून शिकते आणि लेखन-वाचनात मागे राहते, हे या भूमिकेचे सर्वांत बळकट उदाहरण होय. कर्णबधिर मुलांच्या बाबतीत हा मुद्दा आणखी तीव्र होतो, कारण ज्या मुलाला पहिल्या काही वर्षांत कोणतीच भाषा पूर्णपणे उपलब्ध झाली नाही, त्याचे नुकसान सद्भावनेने भरून निघत नाही. या गटातच मौखिक पद्धती आणि भारतीय सांकेतिक भाषा यांच्यातील जुना वाद आहे. महाराष्ट्रातील कर्णबधिर शाळांचा कल दीर्घकाळ मौखिक पद्धतीकडे होता. दिल्लीत २०१५ मध्ये भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाल्यानंतर आणि २०२० च्या धोरणाने सांकेतिक भाषेचे प्रमाणीकरण स्वीकारल्यानंतर तोल बदलू लागला असला, तरी आधीच्या पद्धतीत प्रशिक्षित झालेल्या शिक्षकांच्या पुनर्प्रशिक्षणाचा प्रश्न शिल्लक आहे.

दुसरी भूमिका सर्वसाधारण शिक्षकाला केंद्रस्थानी ठेवते. १९९४ च्या सलामांका जाहीरनाम्यापासून तिला आंतरराष्ट्रीय पाठबळ मिळाले असून इटलीने त्याआधीच, १९७७ च्या कायद्याने, विशेष वर्गांऐवजी सामान्य वर्ग आणि त्यात साहाय्यक शिक्षक ही वाट धरली होती. या भूमिकेच्या मते वेगळा तज्ज्ञ उपलब्ध आहे म्हटल्यावर वर्गशिक्षक आपली जबाबदारी सोडून देतो आणि 'ते मूल विशेष शिक्षकाचे' अशी विभागणी वर्गात घडते. त्याऐवजी सार्वत्रिक अध्ययन रचना, म्हणजे एकच आशय ऐकणे, पाहणे, हाताळणे अशा अनेक मार्गांनी देऊन उत्तरही अनेक मार्गांनी स्वीकारणारे अध्यापन, हे प्रत्येक शिक्षकाच्या मूळ प्रशिक्षणाचा भाग झाले पाहिजे, असे ही भूमिका मांडते. खेड्यातील बहुवर्ग अध्यापन करणाऱ्या द्विशिक्षकी शाळेत या युक्तिवादाला व्यावहारिक वजन येते, कारण तेथे दुसरा माणूस उभा करण्याची शक्यताच फारशी नसते.

तिसरी भूमिका या दोहोंच्या मधली असून प्रशासनाने मुख्यतः तीच स्वीकारली आहे. तिच्यानुसार वर्गशिक्षक शिकवतो आणि अनेक शाळांना भेटी देणारा फिरता विशेष शिक्षक त्याला साहाय्य करतो. मुलाची गरज, वर्षाची उद्दिष्टे आणि साधने यांचा वैयक्तिक शिक्षण आराखडा दोघांनी मिळून करायचा असतो. सर्व शिक्षा अभियान आणि २०१८ पासून समग्र शिक्षा यांत गट साधन केंद्राच्या पातळीवर नेमलेले विशेषतज्ज्ञ आणि विशेष शिक्षक याच कल्पनेचे रूप आहेत. कागदावर ही रचना निर्दोष वाटते. तिची अडचण अशी की फिरत्या शिक्षकाचे प्रशिक्षण अजूनही मुलाला थेट शिकवण्याचे असते, दुसऱ्या शिक्षकाला घडवण्याचे नसते. प्रौढ सहकाऱ्याच्या वर्गात बसून निरीक्षण करणे, त्याचा मान न दुखावता सूचना देणे, आराखड्यावर त्याच्याशी वाटाघाट करणे ही वेगळीच कौशल्ये आहेत आणि विशेष शिक्षणाच्या अभ्यासक्रमात त्यांना दिलेली जागा तुटपुंजी आहे.

एका दिव्यांगत्वाचे विशेषीकरण असावे की बहुप्रवर्गीय प्रशिक्षण, हा उपप्रश्न याच भूमिकेतून निघतो. शहरातील विशेष शाळेत पहिला पर्याय चालतो. परंतु ज्या केंद्रातील, म्हणजे एका केंद्रप्रमुखाच्या देखरेखीखालील शाळांच्या समूहातील, एका शाळेत कर्णबधिर मुलगी, दुसऱ्या शाळेत बौद्धिक दिव्यांग मुलगा आणि तिसऱ्या वस्तीशाळेत अल्पदृष्टी मूल आहे, त्या केंद्राला एकच शिक्षक मिळणार असेल, तर त्याची पदवी कोणत्याही एका प्रकारातील असली तरी उरलेल्या दोन मुलांपुरता तो नवखाच ठरतो. बहुप्रवर्गीय प्रशिक्षणाचे टीकाकार त्याला उथळ म्हणतात आणि ब्रेलसारख्या कौशल्यांबाबत ती टीका सार्थ आहे. तथापि ग्रामीण भागापुरते बोलायचे तर रुंद पायावरील प्रशिक्षण आणि त्यावर एक सखोल कौशल्य, ही जोडच व्यवहार्य दिसते.

सेवेतील प्रशिक्षण

सेवेत असलेल्या शिक्षकांचे प्रशिक्षण हा या क्षेत्रातील सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी तपासलेला भाग आहे. पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, गट साधन केंद्र आणि केंद्र अशी उतरंड त्यासाठी वापरली जाते. राज्यस्तरावर तयार झालेले तज्ज्ञ मार्गदर्शक जिल्ह्याला, जिल्ह्याचे तालुक्याला आणि तालुक्याचे शिक्षकांना प्रशिक्षण देतात. प्रत्येक पायरीवर आशय पातळ होत जातो, ही तक्रार प्रशिक्षणांइतकीच जुनी आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या निष्ठा कार्यक्रमाने आणि दीक्षा या संकेतमंचाने ही उतरंड टाळून घटकसंच थेट शिक्षकाच्या मोबाइलवर पोहोचवले, त्यांत समावेशित शिक्षणाचाही समावेश होता. २०२२ मध्ये आलेल्या प्रशस्त या उपयोजनाने वर्गशिक्षकाला प्राथमिक चाळणीसाठी सूची दिली. पोहोच वाढली हे निर्विवाद. मात्र चित्रफीत पाहून प्रश्नावली सोडवल्यावर मिळणारे प्रमाणपत्र आणि वर्गातील बदललेले वर्तन यांत अंतर असते, आणि हे अंतर मापण्याची सवय यंत्रणेला लागलेली नाही.

दूरशिक्षणाविषयी मते अधिक विभागलेली आहेत. नाशिक येथे १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने विशेष शिक्षणाची बी.एड. पदवी दूरशिक्षणातून उपलब्ध करून दिल्यामुळे गाव आणि नोकरी न सोडता ती घेणे शक्य झाले. विशेषतः विवाहित शिक्षिका आणि दुर्गम तालुक्यांतील उमेदवार यांच्यासाठी हा एकमेव मार्ग होता. आक्षेप असा की या विषयात प्रात्यक्षिक हाच कणा आहे आणि प्रात्यक्षिकासाठी लागणाऱ्या विशेष शाळा शहरांत एकवटलेल्या असल्याने शिकणाऱ्याचा सराव त्याच्या भावी कामाच्या परिस्थितीपेक्षा वेगळ्याच परिस्थितीत होतो. खरे पाहता हा आक्षेप समोरासमोरच्या महाविद्यालयांनाही तितकाच लागू पडतो, कारण तेथील प्रशिक्षणार्थीसुद्धा सरावासाठी बहुधा विशेष शाळेतच जातो. मोसम खोऱ्यातील सामान्य शाळेत तो क्वचितच जातो.

भाषा आणि चाळणी

एका प्रश्नाकडे प्रशिक्षणाच्या साहित्यात पुरेसे लक्ष गेलेले नाही. नामपूर परिसरात घरोघरी अहिराणीची बागलाणी छटा बोलली जाते, पश्चिमेकडील पाड्यांवर कोकणी आणि भिल्ल समाजांच्या बोली आहेत, तर चाळणीच्या सूच्या, वाचन-चाचण्या आणि वाचा-उपचाराचे साहित्य प्रमाण मराठीत असते. प्रमाण मराठीतील शब्द न ओळखणारे, उच्चार बदलणारे किंवा उत्तर देताना अडखळणारे मूल बोलीभाषक आहे की त्याला भाषिक वा बौद्धिक अडचण आहे, हे ठरवण्याचे प्रशिक्षण वर्गशिक्षकाला मिळालेले नसते. विशिष्ट अध्ययन अक्षमतेच्या बाबतीत महाराष्ट्राने १९९६ पासून शालान्त परीक्षेत सवलती दिल्या आणि या बाबतीत तो देशात अग्रेसर राहिला. परंतु निदान करणारी केंद्रे मुख्यतः मोठ्या शहरांतील रुग्णालयांशी जोडलेली राहिल्याने त्या सवलतींचा लाभ प्रामुख्याने शहरी, त्यातही इंग्रजी माध्यमाच्या मुलांनी घेतला, असे निरीक्षण अनेकदा नोंदवले जाते. चुकीचा शिक्का आणि हुकलेले निदान हे दोन्ही धोके येथे शेजारीशेजारी आहेत, आणि बोलीभाषक मुलांसाठी चाळणीची पद्धत विकसित करण्याचे काम अजून व्हायचे आहे.

पदे, प्रमाण आणि अंतर

प्रशिक्षित माणूस टिकवून ठेवण्याचा प्रश्न प्रशिक्षणापासून वेगळा काढता येत नाही. समग्र शिक्षेतील विशेष शिक्षक दीर्घकाळ कंत्राटी राहिले. वर्षागणिक मुदतवाढ, अपुरे मानधन आणि अनिश्चितता यांमुळे अनुभवी व्यक्ती क्षेत्राबाहेर गेल्या. रजनीश कुमार पांडेय विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०२१ रोजी दिलेल्या निर्णयात विशेष शिक्षकांसाठी विद्यार्थी-शिक्षक प्रमाण अधिसूचित करण्याचे निर्देश केंद्र शासनाला दिले. केंद्र शासनाने जून २०२२ मध्ये प्राथमिक स्तरावर दहा आणि त्यावरील स्तरावर पंधरा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण अधिसूचित केले आणि मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने राज्यांना पदे निश्चित करून ती भरण्याचे व कंत्राटी शिक्षकांची पात्रता तपासून त्यांना सामावून घेण्याचे निर्देश दिले. महाराष्ट्राने त्याआधी, २०२४ मध्ये, प्रत्येक केंद्रासाठी एक याप्रमाणे ४,८६० विशेष शिक्षकांची पदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला होता.

या दोन मोजपट्ट्या एकमेकींशी जुळत नाहीत, हे लक्षात घ्यावे लागते. केंद्र शासनाचे प्रमाण विद्यार्थिसंख्येवर आधारलेले आहे, तर राज्याचे एकक केंद्र, म्हणजे शाळांचा समूह, आहे. शहरात दहा मुले एका इमारतीत सापडतील. बागलाणसारख्या तालुक्यात तीच दहा मुले अनेक शाळांत आणि वस्त्यांवर विखुरलेली असतात, आणि शिक्षकाचा आठवडा शिकवण्यापेक्षा प्रवासात जातो. त्यातच शिक्षण हक्क कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र आणि बहुविध दिव्यांगत्व असलेल्या मुलांना गृहाधारित शिक्षणाचा पर्याय दिला आहे, त्यामुळे त्याच शिक्षकाच्या फेरीत घरेही येतात. गृहाधारित शिक्षणात पालकाला, बहुधा आईला, शिकवावे लागते, आणि शेतमजुरीला जाणाऱ्या आईच्या वेळेनुसार भेटी आखाव्या लागतात. कोणत्याही पदविकेत हा घटक स्वतंत्रपणे शिकवला जात नाही.

आश्रमशाळांचा प्रश्न याहून अवघड आहे. त्या वेगळ्या विभागाकडे असल्यामुळे केंद्रस्तरीय विशेष शिक्षकाची जबाबदारी त्यांच्यापर्यंत नेमकी कशी पोहोचावी, तेथील अधीक्षक आणि गृहपाल यांचे प्रशिक्षण कोणी करावे, हे ठरवण्यासाठी विभागांत समन्वय लागतो. निवासी शाळेत मूल चोवीस तास असते, त्यामुळे अपस्माराचा झटका आल्यास काय करावे किंवा श्रवणयंत्राची बॅटरी कशी बदलावी, हे गृहपालाला ठाऊक असणे वर्गशिक्षकाइतकेच महत्त्वाचे आहे. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला, तेव्हा अशा समन्वयाची अपेक्षा वाढली. तथापि विशेष शाळांतील शिक्षक त्या विभागाकडे आणि सामान्य शाळांतील दिव्यांग विद्यार्थी शिक्षण विभागाकडे, ही मूळ विभागणी त्याने बदललेली नाही.

अनिर्णित मुद्दे

सद्यस्थितीत तीन बाबी मोकळ्या आहेत. दोन परिषदांच्या अभ्यासक्रमांचा मेळ घालण्याविषयी तत्त्वतः सहमती असली, तरी दुहेरी नोंदणी, दुहेरी पात्रता आणि बढतीचा मार्ग यांवर ती अडते. विशेष शाळांचे भवितव्यही ठरलेले नाही. त्या बंद कराव्यात असे फार थोडे म्हणतात, परंतु त्यांनी परिसरातील सामान्य शाळांसाठी साधन केंद्र व्हावे ही कल्पना मान्य करणाऱ्यांकडेही तेथील शिक्षकांना त्या नव्या भूमिकेसाठी कोण तयार करील याचे उत्तर नाही. तिसरी आणि सर्वांत दुर्लक्षित बाब प्रशिक्षणोत्तर सोबतीची आहे. १९८७ च्या प्रकल्पात असलेला मधला थर, म्हणजे तज्ज्ञ नसलेला पण जाणकार असा शाळेतीलच शिक्षक, पुन्हा उभा करण्याची तरतूद पदनिर्मितीच्या कोणत्याही निर्णयात ठळकपणे आलेली नाही. केवळ पदांची संख्या वाढल्याने तो उभा राहणार नाही, असे उपलब्ध अनुभवावरून म्हणावे लागते.

यासाठी नवी योजना लागेलच असे नाही. महाराष्ट्रात केंद्र पातळीवर शिक्षण परिषदा भरतात आणि त्यांना केंद्रातील शिक्षक उपस्थित राहतात. नव्याने नेमल्या जाणाऱ्या केंद्रस्तरीय विशेष शिक्षकाला या परिषदेत प्रत्येक वेळी निश्चित तासिका द्यावी, त्या केंद्रातील प्रत्यक्ष मुलांचे आराखडे तेथे चर्चेला घ्यावेत आणि आश्रमशाळेच्या शिक्षकांनाही त्या तासिकेस बोलवावे, एवढे करण्याचा अधिकार गटशिक्षणाधिकाऱ्यांनी वापरून पाहावा.